एक तुमचा, एक माझा

फोटो काढण्याआधी जगन्नाथराव समोरच्याला एकच प्रश्न विचारत, "कसा पायजे?"

आणि विचारून झालं की थांबत. डोंगरातल्या माणसाला असं कुणी विचारलेलं नसतं. आधार कार्डवाला हनुवटी वर कर म्हणतो, रेशनवाला अंगठा लाव म्हणतो. त्यामुळे माणसं आधी गोंधळत, मग विचारात पडत आणि मग अशी काही मागणी करत की जगन्नाथराव ती महिनाभर सांगत राहत. एका बाईला दारातल्या नळाशेजारी उभं राहून फोटो हवा होता, कारण नळ त्याच आठवड्यात आला होता. पाणी अजून आलं नव्हतं, पण ते फोटोत कुठे दिसणार? एका म्हाताऱ्याला पाठमोरा हवा होता. "घोंगडं नवं हाय, डागदर. त्वांड जुनंच हाय." जगन्नाथरावांनी पाठमोरा काढून दिला. हसले नाहीत.

हे सगळं मी त्यांच्याकडून ऐकलेलं. त्यांच्याबरोबर डोंगरात मी कधीच गेले नाही.

त्यांना जाऊन पाच महिने झाले. या पाच महिन्यांत हे लिहायला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा त्यांचे गुण लिहून उठले. गेलेल्या माणसाचे गुण लिहिणं सोपं असतं. या वेळी मी जे टाळत होते तेही लिहिणार आहे.

जगन्नाथराव पशुधन पर्यवेक्षक होते. घर भोरला, नोकरी वेल्ह्याच्या वरच्या वाड्यावस्त्यांवर. शेळ्यामेंढ्यांना लसी टोचायच्या, म्हशी तपासायच्या, अडलेली गाय सोडवायची. सगळे त्यांना जगूडॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी सांगत, "डॉक्टर न्हाई, पर्यवेक्षक." तीस वर्षं त्यांनी ही दुरुस्ती केली आणि तीस वर्षांत एकानेही ती मानली नाही. अंगाने किरकोळ, गाल बसलेले, चालताना एक खांदा खाली. त्या खांद्याला लसी गार ठेवायचा बर्फाचा डबा असे. डबा नसला तरी खांदा खालीच असे.

मी भोरच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. ते दर शनिवारी दुपारी येत आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसत. पुस्तक कधी घेतलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "बाई, वाचायला म्या येत न्हाई. पण तुमच्या खिडकीचा उजेड चांगला हाय. चालंल का?" त्या उजेडात ते फोटो लावत बसत. लसींच्या रिकाम्या खोक्यांतून फोटो काढायचे, मागे पेन्सिलीने गावाचं आणि माणसाचं नाव लिहायचं आणि कुठल्या वाटेने आधी जाता येईल त्या क्रमाने गठ्ठा बांधायचा. पुढच्या फेरीत ज्याचा फोटो त्याच्या हातात.

कॅमेरा जुना होता. भोरमधल्या एका स्टुडिओवाल्याने दुकान बंद करताना त्यांना दिलेला. तळहातात मावायचा आणि खाकी शर्टाच्या खिशात बसायचा. तो हाफ-फ्रेम कॅमेरा होता, म्हणजे साध्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जेवढ्या जागेवर एक फोटो उमटतो तेवढ्यात हा दोन बसवायचा. छत्तीसच्या रोलवर बहात्तर. आणखी एक गोष्ट होती, ती त्यांना फार आवडे. साध्या कॅमेऱ्याने सरळ धरून काढलेला फोटो आडवा येतो, याचा उभा येई. "माणूस उभाच आसतो, बाई," ते म्हणत. "आडवा कवा आसतो? झोपल्यावर, न्हाईतर मेल्यावर."

पहिला रोल धुऊन आला तेव्हा मात्र त्यांना वाटलं की कॅमेरा बिघडलेला आहे. पुण्याच्या लॅबमधलं यंत्र नेहमीच्या मापाने चालणारं. त्याने दोन-दोन फोटो एका कार्डावर शेजारी शेजारी छापले होते, मध्ये एक काळी रेघ. त्यातल्या एका कार्डावर डावीकडे एका वस्तीचे पोलीस पाटील होते, फेटा बांधलेले, मिशीला पीळ दिलेले, आणि उजवीकडे त्यांच्याच वस्तीतली सड सुजलेली म्हैस होती. जगन्नाथरावांनी भोळेपणाने ते कार्ड पाटलांच्या हातात दिलं.

"हे काय? मला म्हशीशेजारी बसीवलं व्हय?"

"यंत्रानं बसीवलं, पाटील. म्या न्हाई."

"यंत्राला काय ठावं आमचं भांडान? ही म्हस त्याची हाय, बांधावरच्याची!"

पाटलांचा ज्याच्याशी बांधाचा वाद चालू होता, त्या शेजाऱ्याची ती म्हैस होती. पाटील सहा महिने बोलले नाहीत. लसीसाठी शेळ्या मात्र पाठवत, गड्याबरोबर.

त्या दिवसापासून त्यांनी नियम केला: प्रत्येक माणसाचे दोन फोटो, लागोपाठ. एका कार्डावर एकच माणूस, दोनदा. म्हणजे शेजारी म्हैस यायचा प्रश्नच नाही. जोड चुकू नये म्हणून ते खिशातल्या डायरीत मोजणी ठेवत. डाव्या पानावर टोचलेली जनावरं, उजव्या पानावर काढलेले फोटो. कधी चुकून बटण दाबलं जाऊन आकडा विषम झाला, तर पुढच्या माणसाआधी एक फोटो आभाळाचा काढून हिशेब जुळवून घेत. म्हणून त्यांच्या खोक्यांत अशी कितीतरी कार्डं आहेत, ज्यांच्यावर एका बाजूला त्यांचाच धुळीने भरलेला बूट आहे आणि दुसऱ्या बाजूला नुसतं निळं आभाळ. ती त्यांनी कधी फेकली नाहीत.

पाटलाला टाळायला केलेल्या नियमातून हळूहळू दुसरंच काही तयार झालं. पहिला फोटो माणूस सांगेल तसा. छाती ताठ, हात मांडीला चिकटलेले, टोपी नीट. मग ते "झालं!" म्हणत. समोरचा माणूस सैल पडे, कुणी नाक पुसे, कुणी शेजारच्याला शिवी हासडे, बाया एकमेकींकडे बघून हसत. त्या क्षणी दुसरा. "पहिला तुमचा, दुसरा माझा," ते सांगत. लपवाछपवी नव्हती. सगळ्या डोंगराला ठाऊक होतं की जगूडॉक्टर "झालं" म्हणतो तेव्हा अर्धंच झालेलं असतं. तरीही दर वेळी प्रत्येक माणूस फसत असे आणि फसल्यावर खूश होत असे.

नियमाचा शेवटचा भाग असा होता: दुसरा फोटो एकटा कुणाला दाखवायचा नाही.

"का?" मी एकदा विचारलं. ते कार्डं लावत होते आणि मी शेजारी उभी राहून ती बघत होते. "खरा तर दुसराच असतो. पहिल्यात सगळे खांबासारखे दिसतात."

"बाई, सुट्टीच्या दिवशी तुमी घरी केस मोकळं सोडून बसत आसाल."

"मग?"

"तेबी खरंच की. म्हून हितं वाचनालयात तशा येता का?"

मी हसले. तेही हसले. मग म्हणाले, "पहिला शेजारी आसला की दुसऱ्याला कुठंबी जाता येतं. वळखीचं माणूस संगं आसल्यावानी. एकटा दुसरा म्हंजी माणसाला उघडं बाहेर काढल्यावानी." मला ती उपमा आवडली. मी ती घरी जाऊन वहीत उतरून ठेवली. कळलेली गोष्ट आणि वहीत लिहिलेली गोष्ट एकच, असा माझा समज होता.

आताच्या काळात हे सगळं कशासाठी, असं त्यांना बरेच जण विचारत. रोल महाग, मिळायला कठीण, धुवायला पुणं गाठावं लागतं. एका वस्तीवर एका तरुणाने त्यांना छेडलं, "डॉक्टर, ह्या डबड्यात बहात्तर, आन् आमच्या मोबाईलमधी धा हजार बसत्यात."

"बसत्यात ना? मग तुझ्या आईचा दाव."

तो पोरगा अंगठ्याने सरकवत राहिला. मोटारसायकल, मित्र, तोरण्यावरचं धुकं, पुन्हा मोटारसायकल. आई समोरच भाकऱ्या थापत होती. शेवटी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या डागदर, त्याची बॅटरी जाईल." जगन्नाथरावांनी तिला विचारलं, "कसा पायजे?" ती म्हणाली, "ह्येच्या संगं." पोराला मोबाईल खिशात घालावा लागला.

एक रोल संपायला त्यांना दोन-तीन महिने लागत. लावणीच्या चिखलात सुरू झालेला रोल नाचणी कापताना संपे. मोबाईलचा फोटो लगेच बघतात आणि लगेच विसरतात, असं त्यांचं म्हणणं. "ह्यो कसा दिसंल ते कुनालाच ठावं नसतं. मलाबी न्हाई, त्यांलाबी न्हाई. तवर आमी दोगं वाट बगतो. एकमेकांची आठवण ठेवतो." याहून जास्त तत्त्वज्ञान त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता ठकूबाई.

वेल्ह्याच्या वर, एसटी सोडून तासभर चढल्यावर चार घरांचा धनगरवाडा आहे. ठकूबाई तिथल्या. सत्तरीच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. त्याचे फोटो त्याच्या मोबाईलमध्ये होते आणि मोबाईल कसा उघडायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. दहाव्याला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात डोळ्यांच्या जागी दोन करडे डाग होते. ठकूबाईंनी तो बघितला आणि पुढच्या फेरीला जगन्नाथराव आले तेव्हा सांगितलं, "डागदर, माझा आत्ताच काढून ठिवा. मागनं माझं असलं भूत करू नगासा."

त्यांनी विचारलं, "कसा पायजे, मावशी?"

"भितीला लावायचा पायजे."

त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत घेतला, दाराशी बसल्या. जगन्नाथरावांनी पहिला फोटो काढला. म्हातारीने श्वास रोखून धरला होता, तो सुटेना. तेव्हा ते म्हणाले, "झालं. मावशी, श्वास सोडा आता, न्हाईतर आजच भितीला लावायला लागंल." आणि ठकूबाई हसल्या. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा. पदर मागे पडला, पांढरे केस मोकळे झाले, तोंडात उरलेले दोन दात दिसले, डोळ्यांतून पाणी आलं.

त्यांनी काढलेल्या शेकडो फोटोंमधला तो सर्वांत चांगला फोटो होता. हे मी आजही म्हणेन. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा खिडकीजवळ नेऊन पुन्हा बघितला. फोटोकडे बघताना मला त्या फोटोतली बाई दिसली नाही, फक्त फोटो दिसला.

वर्धापनदिनानिमित्त वाचनालयाने भिंतीवरची दिनदर्शिका काढावी, ही कल्पना माझी. बारा महिने, डोंगरातली बारा माणसं. जगन्नाथराव आधी तयार नव्हते. मग म्हणाले, "त्यांला इचारून सांगतो." बारा घरी जाऊन विचारून आले. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते पुण्याला जायला निघाले. जाताना बारा कार्डं माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, जोड छापा. जागा न्हाई बसली तर पहिला छापा. दुसरा एकटा नगं. तसं बोलून आलोय म्या."

मी म्हटलं, "हो, हो."

छापखानेवाल्यांनी सांगितलं की पान उभं आहे, आडवं कार्ड त्यावर फार बारीक दिसेल, एकच फोटो घ्या. हाफ-फ्रेमचा एक फोटो त्या पानावर नेमका बसत होता. जणू त्यासाठीच काढलेला. मी पहिले बारा एका रांगेत मांडले आणि दुसरे बारा दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत बारा ताठ माणसं, बारा महिने तीच. दुसऱ्या रांगेत जिवंत चेहरे. मला वाटलं, या साध्या माणसाला आपल्या कलेची किंमत कळत नाही. आपण ती दाखवून देऊ. डोळे उघडून तो बघेल तेव्हा त्याला कळेल.

पुस्तकांच्या बांधणीसाठी आमच्याकडे कागद कापायचं यंत्र आहे. मी बाराही कार्डं मधल्या काळ्या रेघेवर कापली. हे काम मी शिपायाला सांगितलं नाही, स्वतः केलं, कारण रेघ नेमकी साधायला हवी होती. दुसरे बारा छापखान्यात पाठवले. पहिले बारा पाकिटात घातले आणि सवयीने त्यावर लिहिलं: "उरलेले".

जगन्नाथराव परत आले तेव्हा डिसेंबर संपत आला होता. दिनदर्शिका वाटून झाली होती. भोरच्या दुकानांत, वेल्ह्याच्या बाजारात, कचेऱ्यांत, गिरण्यांत. ते हिरवा चष्मा लावून आले, खिडकीपाशी बसले आणि एकेक पान उलटत गेले. मी कौतुकाची वाट बघत उभी होते. ते डिसेंबरच्या पानापर्यंत पोचले.

"छपाई चांगली झालीय," मग म्हणाले. पुन्हा जानेवारीपासून बघितलं. "माझे ठेवलेत. त्यांचे कुठं हायती?"

मी पाकीट दिलं. त्यांनी त्यावरचं अक्षर वाचलं. पाकिटाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्या दिवशी खोकी न उघडताच गेले. मला राग आला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला लाज वाटली नाही, रागच आला. एवढं केलं आणि शब्दाने कौतुक नाही.

ठकूबाई फेब्रुवारीच्या पानावर होत्या.

त्यांची सून सुमन तेव्हा मुलीला घेऊन माहेरी, आंबवड्याला, गेलेली होती. आठ दिवसांसाठी. तिथल्या पिठाच्या गिरणीत ती दिनदर्शिका होती. महिना उलटला, पान उलटलं आणि दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाने सुमनची सासू बघितली. डोक्यावर पदर नाही, तोंड उघडं, हसतेय. मुलाला जाऊन वर्ष व्हायचं होतं. सुमनच्या भावाने घरी येऊन सांगितलं, "तुझा नवरा मेला, आन् तुझी सासू क्यालेंडरात दात काढतीय." सुमन परत गेली नाही. ठकूबाई वरती शेळ्यांबरोबर एकट्या राहिल्या, नातीशिवाय.

जगन्नाथरावांना हे वेल्ह्याच्या बाजारात कळलं. त्याच दुपारी ते वाचनालयात आले. शनिवार नव्हता. उभ्याउभ्याच त्यांनी मला सगळं सांगितलं आणि मग म्हणाले, "मी आंबवड्याला जातोय. मग वर मावशीकडं. तुमी येता का, बाई? तुमी शिकलेल्या. तुमी सांगितलं तर त्यांला पटंल."

त्यात आरोप नव्हता. एक विनंती होती, आणि आत कुठेतरी मला सुटायची वाटही होती. मी म्हटलं, "या आठवड्यात तपासणी आहे हो आमची."

तपासणी पुढच्या महिन्यात होती.

"व्हय, व्हय," ते म्हणाले. "कामं आसत्यातच."

मार्चमध्ये मी अनुदानाच्या कागदांसाठी वेल्ह्याला गेले. कचेरीच्या भिंतीवर आमची दिनदर्शिका होती. कुणीतरी पान उलटायचं विसरलं होतं, फेब्रुवारीच होता. पण हसणाऱ्या ठकूबाई तिथे नव्हत्या. त्यांच्या जागी पदर कपाळापर्यंत घेतलेल्या, श्वास रोखून धरलेल्या ठकूबाई होत्या. वरून चिकटवलेल्या. कडा इतक्या सरळ की आधी वाटलं छापलेलंच आहे.

"हे कुणी केलं?" मी तिथल्या शिपायांना विचारलं.

"जगूडॉक्टर. खळीचा डबा घेऊन आलं हुतं. सगळ्या बाजारात फिरलं, दुकान दुकान." ते हसले. "च्यावाला म्हणला, डॉक्टर, आता क्यालेंडरालाबी लस का? तर म्हणलं, चूक झाली माझ्या हातनं. फोटू चुकीचा निवडला म्या."

"त्यांनी निवडला?"

"आसं म्हणलं बगा. इतक्या वर्षांत एक चूक. वाईट वाटलं आमाला."

मी कागदांवर सह्या घेतल्या आणि परत आले. पुढच्या शनिवारी जगन्नाथराव नेहमीसारखे खिडकीपाशी बसले. मी त्यांना चहा दिला. त्याबद्दल काही बोलले नाही. तेही नाहीत. असे किती शनिवार गेले ते मी मोजलेले नाहीत. प्रत्येक शनिवारी मी सकाळी ठरवत असे की आज बोलायचं, आणि प्रत्येक शनिवारी कुणीतरी पुस्तक बदलायला येत असे.

बाकीचं मला ते गेल्यावर कळलं. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सांगत होत्या. ते आंबवड्याला तीनदा गेले. पहिल्यांदा सुमनच्या भावाने त्यांना गिरणीसमोर, सगळ्या लोकांत, उभं करून बोलून घेतलं. दुसऱ्यांदा घरात घेतलं. तिसऱ्यांदा सुमन स्वतः बाहेर आली. त्यांनी नव्याने छापून आणलेलं जोडकार्ड तिच्या हातात दिलं आणि ठकूबाई का बसल्या होत्या, कुणासाठी बसल्या होत्या आणि कशाने हसल्या ते सांगितलं. पाडव्यानंतर सुमन मुलीला घेऊन वर गेली. मात्र ठकूबाईंनी जगन्नाथरावांना पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"एवढी माणसं जोडली त्यांनी," वहिनी म्हणाल्या, "पण ती एक चूक झाली बघा, बाई, त्यांच्याकडून. शेवटपर्यंत मनाला लागलं होतं."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी म्हटलं, "हो."

चूक माझी होती, हे मी तिथे सांगायला हवं होतं. तेरा दिवसही झालेले नव्हते, बाई रडत होती, ही वेळ नव्हती, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आज पाच महिने झाले. वहिनी याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. हे छापून आलं तर त्या वाचतील. त्यांना तोंडाने सांगण्यापेक्षा मला हे सोपं वाटतंय, आणि त्याचीही लाज वाटते. ठकूबाईंना तर वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी हे सगळं लिहिणं म्हणजे काहीच न केल्यासारखं आहे.

एकदा मात्र मी गेले होते. गेल्या वर्षी, दिवाळीनंतर. कुणाला न सांगता वेल्ह्याची एसटी धरली आणि विचारत विचारत वर चढले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. वाड्याच्या अलीकडे वाट एका मोठ्या दगडाला वळसा घालते. तिथे पोचले आणि आवाज ऐकू आला.

जगन्नाथराव अंगणात उकिडवे बसले होते. तेव्हा ते निवृत्त झाले होते, तरी आले होते. एक शेळी त्यांनी गुडघ्यांत धरली होती आणि ठकूबाई तिचे वाढलेले खूर कापत होत्या. दोघांचं लक्ष खुराकडे. म्हातारीचं तोंड चालू होतं.

"डोळ्याचं आपरीशन केलंसा. अकलेचं कवा करनार?"

"त्याचा डॉक्टर घावंना, मावशी."

"हसू नगासा. धरा नीट. शेळीला लागंल." म्हातारीने खुराचा कापलेला तुकडा बाजूला टाकला. मग, "मला खरं सांगा. तुमी आसलं करनारं माणूस न्हाई. त्यो फोटू कुनी निवडला?"

"म्याच."

"ती पुस्तकवाली बाई हाय म्हनत्यात भोरची. तिनं?"

"न्हाई, मावशी. तिनं नुसतं छापून दिलं. चूक माझी."

"शपथ घ्या ह्या शेळीची."

"शेळीची शपथ कुनी घेतं व्हय?"

"घ्या म्हनते ना."

तेवढ्यात त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. दहा-बारा पावलांवर, पाठ केलेली वाक्यं घेऊन उभी. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्यांनी शेळीला धरून हळूच अर्धा फेर दिला. "मावशी, ह्या अंगानं बसा. हितलं खूर जास्त वाढलंय." ठकूबाई पुटपुटत दुसऱ्या बाजूला सरकल्या. आता त्यांची पाठ वाटेकडे झाली.

हे त्यांनी मला येता यावं म्हणून केलं, की जाता यावं म्हणून, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मी त्याचा अर्थ मला सोयीचा लावला आणि मागे फिरले.

खालच्या वळणावरून एकदा वर पाहिलं. ठकूबाई आत गेल्या होत्या. शेळी सुटून बांधाकडे चरायला गेली होती. रिकाम्या अंगणात जगन्नाथराव तसेच उकिडवे बसलेले होते आणि मघाशी मी जिथे उभी होते त्या दगडाकडे बघत होते.